प्लित्वित्से सरोवरे : मार्गदर्शकासह एका दिवसाची सहल घ्यावी की स्वतंत्रपणे जावे?

चांदणवेल

नमस्कार. सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही क्रोएशियाला जात आहोत. बरोबर यजमान, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि अकरा वर्षांची मुलगी आहे. मुक्काम आधी झाग्रेबला आणि नंतर स्प्लिटला असेल. प्लित्वित्से सरोवरांचे राष्ट्रीय उद्यान पाहायचेच, हे ठरलेले आहे; मात्र त्यासाठी वेगळा मुक्काम करणे जमणार नाही, म्हणून सकाळी निघून रात्रीपर्यंत परत येण्याची सहल हाच पर्याय उरतो.

दोन्ही शहरांतून मार्गदर्शकासह बसने जाणाऱ्या सहली दिसतात, परंतु त्यांच्या जाहिराती इतक्या एकसारख्या आहेत की त्यांतून काहीच बोध होत नाही. सहल कोठून घ्यावी, मार्गदर्शक खरोखरच लागतो का आणि सासूबाईंना हे चालणे झेपेल का, या तीन गोष्टींवर अनुभवी मंडळींनी लिहावे, ही विनंती.

उत्तरवारा

कामानिमित्त झाग्रेबमध्ये राहत असताना पाहुण्यांना घेऊन मी या उद्यानात वेगवेगळ्या ऋतूंत गेलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मार्गदर्शक हवा की नको हा प्रश्न माझ्या मते दुसऱ्या क्रमांकाचा आहे. उद्यानाच्या आत प्रत्यक्ष पायांवर किती तास मिळणार, हे पहिल्यांदा पाहावे. झाग्रेबहून उद्यान सुमारे १३० किलोमीटर आहे आणि रस्ता दोन ते अडीच तासांचा आहे. किनाऱ्यावरच्या झादर शहराहून अंतर साधारण तेवढेच असले तरी महामार्गामुळे वेळ थोडा कमी लागतो. स्प्लिटहून मात्र अंतर जवळजवळ दुप्पट होते. एका बाजूला तीन ते साडेतीन तास, शिवाय वाटेतले थांबे. बारा तासांच्या सहलीतून हा सगळा वेळ वजा केला की हातात चारएक तास राहतात, आणि त्यांतही तिकिटाची रांग, स्वच्छतागृह व जेवण येतेच. तुमचा मुक्काम दोन्हीकडे आहे, तेव्हा ही सहल झाग्रेबहूनच घ्यावी. हाच एक निर्णय योग्य झाला, तर बाकीचे बरेचसे आपोआप जुळून येते.

या हिशेबाचे महत्त्व उद्यानाची रचना पाहिली म्हणजे कळते. एकूण क्षेत्र तीनशे चौरस किलोमीटरच्या जवळपास आहे, पण त्यातला बहुतेक भाग बीच आणि फर वृक्षांचे जंगल आहे. पाण्याखालचे क्षेत्र एक टक्काही भरत नाही. नाव असलेली सरोवरे १६. त्यांपैकी वरची १२ डोलोमाइट खडकाच्या पसरट खोऱ्यात आहेत आणि खालची ४ चुनखडीच्या अरुंद घळईत. सर्वांत वरचे प्रोश्चान्स्को सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३६ मीटरवर, तर सर्वांत खालचे नोवाकोविच ब्रॉड सुमारे ५०३ मीटरवर. मधल्या उतारावर पाणी एका सरोवरातून दुसऱ्यात सांडत जाते आणि शेवटी सास्तावत्सी येथे प्लित्वित्सा ओढ्याचे पाणी त्याला मिळून कोराना नदी सुरू होते. प्लित्वित्सा ओढाच वेलिकी स्लाप या ७८ मीटर उंचीच्या, क्रोएशियातील सर्वांत उंच धबधब्यावरून कोसळतो.

वेळ कमी असलेल्या सहली बहुधा खालची सरोवरे, तो मोठा धबधबा आणि नावेतला फेरा एवढ्यावर आटोपतात. तेही सुंदरच आहे. पण वरच्या सरोवरांचे वैभव वेगळे आहे. तेथे एक मोठा धबधबा दिसत नाही. झाडीतून, मुळांमधून, शेवाळावरून शंभर ठिकाणी पाणी वाहत असते आणि लाकडी वाट थेट त्या पाण्यावरून जाते. म्हणून आरक्षण करण्यापूर्वी सहल कंपनीला लेखी विचारावे की वरची सरोवरे समाविष्ट आहेत का आणि उद्यानात नेमके किती तास मिळतील. ‘संपूर्ण दिवसाची सहल’ या शब्दांवर विसंबू नये. तो दिवस बसमधलासुद्धा असू शकतो.

मुशाफिरी

उत्तरवारा यांच्या पहिल्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे, तरीही मार्गदर्शकाविषयी माझे मत बरेच प्रतिकूल आहे.

उद्यानातील मार्गांची आखणी इतकी चांगली आहे की वाट चुकण्याची शक्यता फारशी नाही. प्रवेशद्वार १ वरून सुरू होणारे मार्ग ए, बी, सी आणि प्रवेशद्वार २ वरून सुरू होणारे ई, एफ, एच अशा अक्षरांनी ओळखले जातात, आणि प्रत्येक फाट्यावर त्या अक्षराची पाटी असते. ए हा सर्वांत लहान, साडेतीन किलोमीटरचा, केवळ खालच्या सरोवरांचा मार्ग आहे. सी आणि एच हे दोन्ही भाग दाखवणारे मार्ग आहेत. त्यांना चार ते सहा तास लागतात. के हा अठरा किलोमीटरच्या आसपासचा मार्ग दोन्ही दारांवरून सुरू करता येतो, पण तो एका दिवसाच्या सहलीत बसणारा नव्हे. कोझ्याक सरोवरावरील विजेवर चालणारी नाव आणि प्रवेशद्वारांना वरच्या सरोवरांशी जोडणारी डबेवाली गाडी (ती रुळांवरून नव्हे, रस्त्यावरून धावते) या दोहोंचे भाडे तिकिटातच येते.

आम्ही घेतलेल्या समूहसहलीत पन्नासच्या आसपास माणसे होती. लाकडी वाट दोन माणसे जेमतेम शेजारून जातील एवढी रुंद, त्यामुळे आमची रांग मुंग्यांसारखी लांबलचक झाली. पुढे मार्गदर्शक काय सांगत होता ते मागच्यांना ऐकू गेले नाही आणि मागच्यांची छायाचित्रे होईपर्यंत पुढचे खोळंबले. कंपनीने दिलेला वेळ ठरलेला असल्याने शेवटी धावपळ झाली ती वरच्या सरोवरांच्या वाटेवर, म्हणजे जेथे रेंगाळावे तेथेच. झाग्रेबच्या बसस्थानकावरून उद्यानाच्या दोन्ही प्रवेशद्वारांपाशी थांबणाऱ्या नेहमीच्या बस मिळतात; तिकीट उद्यानाच्या संकेतस्थळावर आधी काढून ठेवले की मार्गदर्शकाची गरज राहत नाही, असे मला वाटते.

उत्तरवारा

मुशाफिरी, पन्नास जणांच्या समूहाबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे, परंतु तो दोष समूहाच्या आकाराचा आहे. आठ माणसांची छोटी गाडी घेऊन जाणाऱ्या सहली झाग्रेबहून मिळतात. त्या महाग पडतात, पण चौघांच्या कुटुंबाने विचार करावा अशा असतात. नेहमीच्या बसची अडचण परतीच्या वेळी येते. ती वाटेतल्या थांब्यावर येते तेव्हा गर्दीच्या दिवसांत आधीच भरलेली असू शकते, आणि ज्येष्ठ व्यक्तीला घेऊन रस्त्याच्या कडेला तिष्ठत राहणे सुखाचे नाही.

तिकिटाचेही एक सांगतो. २०१७मध्ये येथे १७ लाखांहून अधिक पर्यटक आले होते, आणि एवढ्या गर्दीबद्दल युनेस्कोनेही काळजी व्यक्त केली होती. त्यानंतर उद्यानाने दर तासाला किती जणांना आत सोडायचे याची मर्यादा घातली. आता तिकिटावर प्रवेशाची वेळ असते, आणि उन्हाळ्यात सकाळच्या वेळा लवकर संपतात. सहल कंपनी हे काम आपल्यासाठी करते, हा तिचा खरा उपयोग. मात्र सहलीच्या किमतीत प्रवेशशुल्क धरलेले आहे का, ते पाहावे. अनेक ठिकाणी ते वेगळे आकारले जाते. गेल्या काही हंगामांत जून ते सप्टेंबर प्रौढांचे तिकीट ४० युरो आणि भर हिवाळ्यात १० युरो राहिले आहे, ऑक्टोबरचा दर या दोहोंच्या मध्ये असतो. तुमची तारीख सप्टेंबरच्या अखेरीची आहे, तेव्हा ती दोन-तीन दिवस पुढे सरकवून ऑक्टोबरमध्ये नेता आली, तर तिकिटावरचा खर्च लक्षणीय कमी होईल. तुमच्या मुलीला सवलतीचे तिकीट लागेल; सात वर्षांखालील मुलांना ते लागत नाही.

कातळ

चर्चा बस आणि तिकिटांवर रंगली आहे, ती आवश्यकच आहे. पण मार्गदर्शक कशासाठी हवा, याचे उत्तर मला पाण्यात दिसते, म्हणून थोडे विषयाच्या मुळाशी जातो.

ही सरोवरे नदी अडून तयार झाली आहेत, आणि ती अडवणारे बांध पाण्याने स्वतःच बांधले आहेत. परिसर चुनखडीचा आहे. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तेथील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, किंचित आम्ल होते आणि खडकातील कॅल्शियम कार्बोनेट विरघळवत जमिनीखालून वाहते. झऱ्यांतून बाहेर येणाऱ्या या पाण्यात विरघळलेला चुना भरपूर असतो. पाणी जेथे उसळते, फुटते, तुषार होऊन उडते, तेथे त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि चुना विरघळलेल्या स्थितीत राहू शकत नाही. तो जवळच्या शेवाळावर, पडलेल्या फांदीवर, पानांवर कणाकणाने बसतो. वाहत्या पाण्यात सापडणारी नीलहरित शैवाले आणि सूक्ष्मजीव आपल्या चिकट स्रावाने हे कण धरून ठेवतात. अशा रीतीने जो सच्छिद्र खडक तयार होतो, त्याला क्रोएशियात सेद्रा म्हणतात.

यात मला सर्वांत विलक्षण वाटते ते शेवाळाचे वागणे. खालचा भाग चुन्याने माखून दगड होत जातो, आणि टोक मात्र वर वाढत राहते. त्यामुळे बांधाची कड नेहमी जिवंत असते. क्रोएशियन वनस्पतिशास्त्रज्ञ इवो पेवालेक यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या वनस्पतींची भूमिका दाखवून दिली आणि कोणत्या शेवाळावर कोणत्या प्रकारचा सेद्रा वाढतो, याची वर्गवारी केली. अनुकूल जागी बांध वर्षाला सुमारे एक सेंटीमीटर वाढू शकतो. आज दिसणारे बांध सहा-सात हजार वर्षांतले आहेत, आणि कोझ्याक सरोवराच्या पोटात एक जुना बांध बुडालेला आहे. खालचा बांध भराभर उंच झाल्याने पाणी चढले आणि दोन सरोवरांचे एक झाले. कोझ्याक हेच सर्वांत मोठे आणि सर्वांत खोल, सुमारे ४७ मीटरचे सरोवर.

प्रत्यक्षात हे कोठे पाहावे? वरच्या सरोवरांच्या वाटेवर उथळ पाण्यात पडलेली एखादी फांदी निरखून पाहावी. तिच्यावर फिकट पिवळसर, खरखरीत साल चढलेली असते. तिचे एक टोक अजून लाकूड आणि दुसरे दगड असते. तळाशी पडलेल्या पानांवरही असाच पांढुरका थर दिसतो. चांगला मार्गदर्शक तेथे थांबवतो आणि हे दाखवतो. स्वतंत्रपणे जाणारे बहुतेक जण त्याच जागेवरून मागचा धबधबा टिपत पुढे निघून जातात.

पाण्यात हात घालून तो दगड उचलू नये, हे सांगायला नकोच. बांधांवर पाय ठेवणेही सेद्रा जपण्यासाठीच निषिद्ध आहे. आणि पोहण्यास बंदी आहे तीही याच कारणाने.

हिरवाई

पोहण्याचा विषय निघालाच आहे, म्हणून विचारते. स्प्लिटहून जवळ असलेल्या क्रका राष्ट्रीय उद्यानात धबधब्याखाली पोहता येते, असे ऐकले होते. मुलगी बरोबर असताना तो पर्याय अधिक बरा नाही का?

कातळ

तेथे पूर्वी पोहता येत असे. स्क्रादिन्स्की बुक धबधब्यापाशी ती परवानगी २०२१च्या आरंभापासून बंद झाली आहे, त्यामुळे जुनी माहिती वाचून पोहण्याचे कपडे घेऊन जाणाऱ्यांची निराशा होते. क्रका छोटे, सोपे आणि स्प्लिटहून सोयीचे आहे, हे मान्य. सेद्रा तेथेही आहे. तरीही दोहोंतून एकच निवडायचे असेल, तर मी प्लित्वित्सेच सांगेन.

चांदणवेल

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, त्याबद्दल आभार. झाग्रेबहून जायचे, हे नक्की केले. कातळ यांचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला, आणि आता तिला ती दगड झालेली फांदी पाहायची आहे.

राहिला प्रश्न सासूबाईंचा. त्यांना सपाटीवर तासभर चालण्याची सवय आहे, परंतु पायऱ्या उतरताना गुडघे दुखतात. सी आणि एच यांपैकी कोणता मार्ग त्यांना बरा पडेल? लाकडी वाटेला कठडे आहेत का?

उत्तरवारा

कठडे बहुतेक ठिकाणी नाहीत, आणि पाऊस पडून गेल्यावर फळ्या निसरड्या होतात. तळवा घट्ट पकडणारे बूट हवेत. चामड्याच्या गुळगुळीत तळव्याचे नकोत. एका हातात काठी असेल तर सासूबाईंना आधार वाटेल.

सी मार्ग प्रवेशद्वार १ वरून सुरू होतो. दारातून आत शिरताच वेलिकी स्लापचा देखावा समोर येतो, आणि पहिल्याच टप्प्यात नागमोडी वाटेने घळईत उतरावे लागते. त्यानंतर खालच्या सरोवरांवरून कोझ्याकच्या काठापर्यंत चाल, मग नाव, आणि पलीकडे उतरल्यावर वरच्या सरोवरांचा चढ. एच मार्ग याच्या उलट आहे: प्रवेशद्वार २ जवळून गाडी वरच्या टोकाला नेऊन सोडते आणि तेथून पाण्याबरोबर खाली येता येते. उतार सौम्य आहे, बराच भाग फळ्यांवरून आहे, परंतु शेवटी वेलिकी स्लापपासून वर गाडीच्या थांब्यापर्यंत चढ आहेच. तोच सर्वांत दमवणारा, आणि तो दिवसाच्या अखेरीस येतो.

गुडघ्यांची तक्रार असल्यास मी तिसराच मार्ग सुचवेन. सकाळी गाडीने वर जाऊन वरची सरोवरे सावकाश उतरत यावे, नावेने कोझ्याक पार करून पी-३ धक्क्यावर उतरावे. तेथे मोकळे कुरण, बाके आणि खाण्याची सोय आहे. सासूबाईंना तेथे एका जाणत्या सोबत्याबरोबर विसावता येईल आणि बाकीच्यांना खालच्या सरोवरांकडे जाऊन परत येता येईल; किंवा त्यांना काठाकाठाने थोडे चालून, वरच्या वाटेने घळईकडे पाहता येईल. मोठ्या समूहात ही मुभा मिळत नाही, छोट्या गाडीच्या सहलीत आधी सांगून ठेवल्यास मिळते. म्हणून पुन्हा सांगतो, आरक्षणापूर्वी लेखी विचारा.

नावेबद्दल एक सूचना. कोझ्याकवर दोन फेऱ्या आहेत, एक अगदी थोड्या वेळाची आणि दुसरी सरोवराच्या लांबीने जाणारी, सुमारे वीस मिनिटांची. दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान लांब फेरीसाठी मोठी रांग लागते. सकाळी पहिल्या वेळेत आत शिरलात, तर या रांगेतून बऱ्याच अंशी सुटका होते.

रानपाखरू

सर्वांच्या माहितीत माझी थोडी भर. आमच्या मार्गदर्शक बाई त्याच भागातल्या, लिका प्रांतातल्या होत्या. त्यांनी सरोवरांच्या नावांमागच्या लोककथा सांगितल्या, त्यामुळे मुलांचे चालणे सुसह्य झाले. लांडग्यांपासून पळणाऱ्या बकऱ्या हिवाळ्यातील पातळ बर्फावरून जाताना बुडाल्या ते कोझ्याक. गावान नावाच्या धनिकाचा खजिना बुडाला ते गावानोवात्स. दुष्काळात लोकांनी आर्जव केल्यावर काळ्या राणीने पाऊस पाडून ही सगळी सरोवरे निर्माण केली, अशीही कथा आहे. खालच्या भागातील एक धबधबा मिल्का त्रनिना या गायिकेच्या नावाने ओळखला जातो. ऑपेरात नाव कमावलेल्या या बाईंनी आपल्या एका मैफलीचे उत्पन्न सरोवरांच्या जपणुकीसाठी दिले होते.

मुलांना सांगायच्या नव्हेत अशा गोष्टीही त्यांनी बसमध्ये, आवाज खाली आणून सांगितल्या. १९४९मध्ये हे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि १९७९मध्ये जागतिक वारसा यादीत आले. पण ३१ मार्च १९९१ रोजी, ईस्टरच्या रविवारी, क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धातील सुरुवातीची सशस्त्र चकमक याच उद्यानात झाली आणि क्रोएशियन पोलीस व सर्ब बंडखोर या दोन्ही बाजूंचा एकेक माणूस मारला गेला. त्याच वर्षी पुढे हा भाग क्रोएशियन सरकारच्या हातातून गेला आणि १९९५च्या ऑगस्टपर्यंत परत आला नाही. १९९२ ते १९९७ या काळात उद्यान धोक्यातील वारशांच्या यादीत होते. वाटेवर अजूनही छप्पर उडालेली, ओसाड घरे दिसतात; त्यांचा उलगडा पाटीवर लिहिलेला नसतो. मुशाफिरी, मार्गदर्शकाचा उपयोग वाट दाखवण्यापुरता मोजला, तर तुमचे म्हणणे बरोबर ठरते. मला तो या दोन गोष्टींसाठी वाटला.

मुशाफिरी

रानपाखरू, तुमचा मुद्दा मान्य आहे. आमच्या सहलीतील मार्गदर्शक माहीतगार असेलही; मागच्या टोकाला असल्याने मला ते कळण्याचा मार्ग नव्हता. समूह दहाच्या आत असावा, ही अट घालून मी माझे मत बदलतो.

झाग्रेबहून जाताना एक गोष्ट मात्र चुकवू नये. वाटेत स्लुन्य गावाजवळ रास्तोके ही वस्ती लागते. स्लुन्यचित्सा नदी तेथे अनेक धारांनी कोराना नदीत पडते, आणि त्या धारांवर जुन्या पाणचक्क्या व लाकडी घरे उभी आहेत. काही सहली तेथे अर्धा तास थांबतात. जाताना थांबण्यापेक्षा परतताना थांबणे चांगले, कारण सकाळचा अर्धा तास उद्यानात अधिक मोलाचा आहे.

हिरवाई

सप्टेंबरअखेर पाणी पुरेसे असते का? वसंतातच जावे, असे वाचले होते.

उत्तरवारा

एप्रिल-मेमध्ये वितळलेल्या बर्फाचे पाणी मिळते, तेव्हा धबधबे सर्वांत जोरात असतात, हे खरे. उन्हाळा कोरडा गेला तर सप्टेंबरमध्ये प्लित्वित्सा ओढा क्षीण होतो आणि वेलिकी स्लापची धार बारीक दिसते. वरच्या सरोवरांवर त्याचा परिणाम तितका जाणवत नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून बीच वृक्ष पिवळे-तांबडे होतात, आणि माझ्या दृष्टीने तो सर्वोत्तम काळ आहे. हिवाळ्यात दृश्य अप्रतिम असले तरी बर्फामुळे वरची सरोवरे अनेकदा बंद ठेवतात, म्हणून फक्त त्यासाठी दूरवरून येणाऱ्यांनी धोका पत्करू नये.

चांदणवेल

तारीख ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ढकलली आहे. आधी स्प्लिट आणि नंतर झाग्रेब असा क्रम उलटा केल्याने विमानाचे तिकीट न बदलता ते साधले. आठ जणांच्या एका सहलीला तुम्ही सुचवलेले प्रश्न लिहून पाठवले. उद्यानात साडेपाच तास, वरून खाली उतरण्याचा मार्ग आणि पी-३ धक्क्यावर सासूबाईंना थांबता येईल, असे उत्तर आले. प्रवेशशुल्क वेगळे आहे. तेथे खाण्यासाठी आम्ही डबा नेला तर चालेल का?

उत्तरवारा

अवश्य न्या. कुरणावर बसून खाता येते. कचरा मात्र आपल्याबरोबर परत न्यावा. विक्रीच्या टपऱ्यांवर भाजलेले मांस, सॉसेज आणि बटाटे असेच प्रामुख्याने मिळते, शाकाहारी व्यक्तीची पंचाईत होते. एक पातळ स्वेटरही ठेवा. झाग्रेबमध्ये ऊन असले, तरी ऑक्टोबरच्या सकाळी पाण्याजवळ चांगलाच गारठा असतो, आणि नावेत वारा लागतो.

चांदणवेल

स्वेटर आणि काठी, दोन्ही यादीत लिहून घेतले. सहलीचे आरक्षण आज करत आहे.